श्यूर आणि बंदुकीची नवी नळी

श्यूर इन्स्तेबो हा माणूस आमच्या बेटावर आला तेव्हा मला आधी वाटलं, जहाजावरून कपाट उतरवताहेत. सव्वासहा फूट उंची, अंगात दोन लाइफ जॅकेटं, एक पुढून घातलेलं आणि एक मागून, डोक्यावर वेल्डिंगचं शिरस्त्राण, कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक होडीतल्या खलाशाच्या कमरेला. किनारा बारा पावलांवर होता आणि पाणी गुडघ्याइतकं. ती बारा पावलं टाकायला त्यानं जो वेळ घेतला, त्यात आमच्या भागातली एखादी हिमनदी दोन बोटं तरी पुढे सरकली असेल. शेवटी तो कोरड्या वाळूवर उभा राहिला, शिरस्त्राणाची काच वर केली आणि मला विचारलं, "आचारी तूच का?"

"मीच."

"बटाटे नीट शिजवतोस ना? कच्च्या बटाट्यानं माझा एक मामा गेला."

पुढे वर्षभरात मी त्या मामाची सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेतली. मामा छपरावरून पडून गेला होता. पण त्या दिवशी सकाळचा बटाटा कच्चा होता, हे श्यूरच्या मते विसरून चालणार नव्हतं.

त्याचा दुसरा प्रश्न होता, "बंदूक कुठाय?"

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाहून जहाजानं दोन दिवस उत्तरेला गेलं की आमचं ते बेट लागायचं. बेटावर हवामान केंद्र, केंद्रात चार माणसं आणि दोन कुत्री. जहाज वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये. केंद्रप्रमुख हाल्वदान, साठीला टेकलेला, जगात कशाचंच आश्चर्य न वाटणारा. वायरलेसवर इंगार. स्वयंपाकघरात मी. आणि हा श्यूर आमचा नवा मेकॅनिक. दर तीन तासांनी कोणीतरी घरापासून सव्वाशे पावलांवरच्या पांढऱ्या पेटीपर्यंत जायचं, तापमान, वारा, दाब टिपून आणायचं आणि इंगारनं ते जगाला कळवायचं. पाळ्या चौघांत वाटलेल्या. तेव्हा मेकॅनिक असला तरी श्यूरला दिवसातून दोनदा ती सव्वाशे पावलं जाणं आणि सव्वाशे पावलं येणं भाग होतं. बेटावर पांढरी अस्वलं येत. ती काही पाळी पाहून येत नसत.

भित्रेपणाला मी हसलो, पण खोटं कशाला बोलू, श्यूरच्या भित्रेपणावर आमचं घर उबदार राहिलं. डिझेल इंजिन बंद पडेल या भीतीनं तो झोपेतसुद्धा त्याचा आवाज ऐकायचा. आवाजात जरा फरक पडला की पायजम्यावर इंजिनघरात. त्याच्या आधीच्या मेकॅनिकच्या काळात आम्ही अकरा वेळा काकडलो होतो. त्याच्या काळात एकदाही नाही. प्रत्येक पान्हा तो दोनदा पुसायचा, प्रत्येक नट तीनदा आवळायचा आणि नंतर खोलीत येऊन चौथ्यांदा मनातल्या मनात आवळायचा.

बंदुकीचं उत्तर मात्र वाईट होतं. केंद्राच्या दोन बंदुकांपैकी चांगली बंदूक जुलैमध्ये होडी उलटली तेव्हा समुद्रात गेली होती. उरली ती महायुद्धात जर्मन सैन्य टाकून गेलेली. तिच्या पोलादावर गरुडाचा छाप होता, कोणीतरी देशभक्तीनं कानस मारून त्याचं डोकं घालवलं होतं. तीस वर्षं त्या बंदुकीनं केंद्राची नोकरी केली. अस्वलांवर फार नाही. दर रविवारी कंटाळलेली माणसं रिकाम्या पिंपांवर नेम धरायची. त्यात खारा वारा, आणि साफ करायची पाळी नेहमी दुसऱ्याची.

श्यूरनं नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि तो पांढरा पडला.

"हाल्वदान, यात पीळच नाहीत."

"कसले पीळ?"

"नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्यानं गोळी फिरत जाते, सरळ जाते. हा नुसता पाण्याचा पाइप आहे!"

"मग पाइप म्हणून जपून वापर," हाल्वदान म्हणाला.

श्यूरनं माझ्या सुक्या वाटाण्यांच्या खोक्याचा पुठ्ठा पन्नास पावलांवर उभा केला आणि पाच गोळ्या झाडल्या. तीन पुठ्ठ्याला लागल्याच नाहीत. दोन लागल्या, पण त्यांची भोकं गोल नव्हती. शेंगेसारखी लांबट होती. गोळी आडवी होऊन, कोलांट्या खात गेली होती.

"आडवी लागली तर जास्त दुखेल अस्वलाला," इंगार म्हणाला.

"लागली तर!" श्यूर ओरडला. "लागली तर, लागली तर! तू त्या वायरलेसपाशी उबेत बसून बोल लेका!"

त्यात आणखी एक भानगड होती. आदल्या वर्षीच अस्वल मारायला बंदी आली होती. आधी लाल बार उडवून घाबरवायचं, ते न घाबरलं आणि अंगावरच आलं तरच गोळी. आणि मारलं की गव्हर्नरच्या कचेरीला सगळा जबाब: अस्वल कुठे होतं, तुम्ही कुठे होतात, किती पावलं, दुसरा उपाय का नव्हता, नकाशासकट. श्यूरनं ते पत्रक वाचलं आणि सुस्कारा सोडला. "म्हणजे मारलं तर गव्हर्नर, नाही मारलं तर अस्वल."

"गव्हर्नर चावत नाही," मी म्हटलं.

"तू भेटलायस त्याला?"

नोव्हेंबरात सूर्य गेला. दुपारी बारालाही काळोख. आम्ही सगळेच कंदील घेऊन पेटीकडे जायचो आणि सगळ्यांच्याच मानेवरचे केस उभे राहायचे, पण आम्ही ते बोलायचो नाही. श्यूर बोलायचा. जाताना मोठमोठ्यानं गायचा. त्याला एकच गाणं यायचं, तेही चर्चमधलं, प्रेतयात्रेचं.

जानेवारीतल्या एका दुपारी तो गात गेला आणि गात आला. दाराशी आल्यावर त्यानं कंदील खाली धरून मागे पाहिलं, आणि गाणं अर्ध्या ओळीत थांबलं. मी दार उघडून पाहतो तो हा तसाच वाकून उभा.

"आचाऱ्या, इकडे ये. हे बघ."

बर्फात त्याच्या बुटांचे ठसे होते, पेटीकडे जाणारे. ताजे. पाव तासापूर्वीचे. आणि त्या ठशांच्या वर, अगदी त्यांच्यात पाय टाकून उमटवल्यासारखे, दुसरे ठसे होते. माझ्या भाकरीच्या तव्याएवढे, पुढे पाच नखं. ते घरापासून निघाले होते आणि पेटीच्या वीस पावलं अलीकडे डावीकडे वळून काळोखात गेले होते. श्यूर जाताना ते नव्हते. श्यूर गात जात होता, तेव्हा ते त्याच्या मागे चालत होतं.

त्या दिवशी मी मासळीचे गोळे केले होते, पांढऱ्या रश्शातले, त्याच्या आवडीचे. त्यानं ताटाला हात लावला नाही. कोणीच विनोद केला नाही. इंगारनंही नाही. जेवण झाल्यावर हाल्वदान उठला, इंगारला म्हणाला, "तार कर. नवी नळी पाठवा म्हणावं. लवकर."

लवकर म्हणजे मार्चअखेर. तोवर आठवड्यातून चौदा वेळा श्यूर तो पाइप खांद्याला लावून गेला आणि आला. त्याचं वजन इतकं उतरलं की दोन लाइफ जॅकेटं एकावर एक घालूनही सैल झाली असती. गाणं बंद झालं. आता तो उलटा चालायचा, पेटीकडे पाठ करून, आपल्याच ठशांवर नजर ठेवून.

फेब्रुवारीत सूर्य परतला आणि मार्चअखेर टपालाचं विमान आलं. ते उतरत नसे, वरून हवाई छत्र्यांनी सामान टाके. एक छत्री वर्तमानपत्रांची, एक संत्र्यांची. तिसरी उघडलीच नाही. लांबट लाकडी खोकं आलं ते भाल्यासारखं बर्फात घुसलं.

"गेली," श्यूर म्हणाला. "वाकली. वाकलीच असणार."

खोक्यात लष्कराच्या कोठारातली शिल्लक नळी होती, तीस वर्षांपूर्वी बांधून ठेवली तशीच: मेणकागद, त्यात काळं घट्ट ग्रीस. श्यूरनं ती माझ्या ओट्यावर, माझ्या पिठाशेजारी, रॉकेलनं धुतली. मी जीव तोडून ओरडलो, त्याला ऐकू आलं नाही. मग त्यानं ती खिडकीकडे धरून आत पाहिलं. नळी सरळ असेल तर आत उजेडाची कडी दिसतात म्हणे, एकात एक, तळ्यात दगड टाकल्यासारखी. वाकडी असेल तर कडी एका बाजूला कलतात.

"तू बघ. काय दिसतंय?"

"भोक."

"अरे गाढवा, कडी दिसतात का कडी?"

मग मला दिसली. गोल, चकचकीत, शांत. त्यांच्याभोवती पीळ घेत गेलेल्या चार खाचा. खोटं नाही सांगत, त्या बेटावर त्या वर्षी मी पाहिलेली ती सगळ्यांत सुंदर गोष्ट होती.

जुनी नळी निघायला दोन दिवस लागले. तीस वर्षांच्या गंजानं ती बंदुकीच्या धडात जणू रुजली होती. श्यूरनं ओकच्या लाकडाचे दोन ठोकळे खोबणी पाडून केले, त्यांत नळी धरली, ठोकळे वाइसमध्ये आवळले. नळी फिरली, पण धडातून नव्हे, ठोकळ्यांतच गरगरली. तेव्हा तो माझ्याकडे आला.

"साखर दे."

"कॉफीत?"

"ठोकळ्यांत. साखर टाकली की पकड घट्ट बसते."

"आठ किलो उरलीय ऑगस्टपर्यंत! वॉफल कशाशी खाशील?"

"आचाऱ्या," तो म्हणाला, "मला अस्वलानं खाल्लं तर तुझे वॉफल कोण खाणार?"

वाटीभर साखर गेली. धडाला पान्हा लावला, पान्ह्यावर निशाणाच्या काठीचा लोखंडी नळ चढवला, त्याला मी आणि इंगार लोंबकळलो. काही वेळ काहीच झालं नाही. मग हाड मोडावं तसा आवाज आला, आम्ही दोघं जमिनीवर आणि नळी सुटलेली. हाल्वदान पळत आला, कोणाला गोळी लागली म्हणून.

नवी नळी चढवणं सोपं होतं. भीती पुढे होती. काडतूस आत गेल्यावर मागून बोल्ट, म्हणजे बंदुकीचा सरकता दांडा, बसतो. काडतूस आणि बोल्ट यांच्यात फट राहता कामा नये. फट राहिली तर चाप ओढताच काडतुसाचं पितळ फाटतं आणि आग नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येते. ती फट मोजायची खास मापं असतात. आमच्याकडे नव्हती. श्यूरनं रिकाम्या काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टी लावली. एका पट्टीवर बोल्ट बसला. दोनवर बसायला नको होता, बसला. तीनवरही बसला.

त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आता त्याला बाहेर अस्वल होतं आणि हातात बॉम्ब.

चार दिवस तो लेथवर होता. नळीच्या बुडाचा खांदा केसाएवढा तासायचा, नळी चढवायची, पट्टी लावायची, बोल्ट ढकलायचा, नळी उतरवायची. जेवायला आला की अर्धं सूप टेबलावर सांडायचा. लेथवर गेला की एक रेघ चुकायची नाही. पाचव्या दिवशी दोन पट्ट्यांवर बोल्ट अडला.

तरी पहिली गोळी त्यानं हातानं झाडली नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बंदूक बांधली, चापाला चाळीस पावलांची दोरी. स्वतः डिझेलच्या पिंपांमागे, डोक्यावर तेच शिरस्त्राण, छातीवर माझ्या खाटेवरची गादी. "सगळे आडवे व्हा!"

"मी साठ वर्षांचा आहे," हाल्वदान म्हणाला, "मी उभाच मरेन."

"आडवा हो म्हाताऱ्या!"

हाल्वदान आडवा झाला. श्यूरनं दोरी ओढली. धाड झालं, टायर उलथला, कुत्री बोंबलली. श्यूर रांगत गेला आणि काडतुसाचं पितळ भिंगातून पाहिलं. कुठे चीर नव्हती. मग खांद्याला लावून पाच गोळ्या झाडल्या. पुठ्ठ्यावर पाच भोकं, गोल, सगळी माझ्या पंजाखाली झाकतील अशी. श्यूर त्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिला. मग तो बर्फात बसला आणि रडला. आम्ही दुसरीकडे पाहिलं.

"छान झालं," हाल्वदान म्हणाला. "आता ती पडवीत टांग."

या पडवीचं सांगायला हवं. आमच्याकडे बंदूक कधी उबेत आणत नाहीत. ती दाराबाहेरच्या बंद, गार पडवीत टांगलेली असते. थंड लोखंड घरात आणलं की त्यावर दव धरतं, दव बोल्टच्या आत उतरतं, आणि बाहेर नेलं की तिथेच गोठतं. हे आमच्याकडे बाळालाही माहीत असतं. तरी आम्हा जुन्यांनाही हा नियम श्यूर स्वतः ऐकवायचा, बोट नाचवून.

पण त्या आठवड्यात एका अस्वलानं पडवीच्या दाराला नाक लावून फळी ओली करून ठेवली होती. श्यूरनं त्यावर विचार केला. विचार नेहमीप्रमाणे खोल गेला. अस्वल पडवीत शिरलं तर बंदूक कोणाकडे? अस्वलाकडे. आणि आपण? आत, रिकाम्या हातांनी. म्हणून रोज आम्ही झोपलो की तो बंदूक उचलून आपल्या पांघरुणात घ्यायचा आणि सकाळी परत टांगायचा. पाळीला बंदूक फक्त तोच न्यायचा, आम्ही लाल बारावर भागवायचो, म्हणून आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. एका माणसाच्या भीतीनं नियम पाळायला लावला आणि त्याच माणसाच्या मोठ्या भीतीनं तो मोडला.

एप्रिलच्या अकरा तारखेला दुपारी बाराची पाळी त्याची. लख्ख ऊन, उणे चोवीस. मी खिडकीशी बटाटे सोलत होतो. श्यूर पेटीपाशी पोचला, शिडीवर चढला, वहीत लिहू लागला. बंदूक पाठीवर. तेवढ्यात किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगामधला एक पिवळट ओंडका उठला आणि चालू लागला.

ते त्याच्या आणि घराच्या मधे आलं. घाई नव्हती त्याला. मान लांब करून वास घेत, एक पाय, मग दुसरा. मी खिडकीवर सुरीची मूठ आपटली. श्यूरनं वळून पाहिलं. लाल बार उडवला. तो अस्वलापुढे बर्फात फसफसला, अस्वलानं तो हुंगला आणि ओलांडला. तीस पावलं. श्यूरनं बंदूक खांद्याला लावली. नियमानं, नीट, त्या सुंदर नळीतून नेम धरला. मी कान झाकले.

आवाज आला नाही.

त्यानं बोल्ट ओढला. बोल्ट हलला नाही. पुन्हा ओढला. मला एवढ्या अंतरावरून त्याचा चेहरा दिसला आणि त्याला कळायच्या आधी मला कळलं की तो आता मरणार.

मी बाहेर पळालो, हातमोजे न घालता. कुत्र्यांच्या साखळीची कडी गोठलेली. बोटं लोखंडाला चिकटली, सोडवली तेव्हा कातडी तिथेच राहिली. कडी निघेना. आणि मागून मला श्यूरचा आवाज ऐकू येत होता. मोठ्यानं, स्वच्छ, वायरलेसवर वाचतात तसा.

"तापमान उणे चोवीस पूर्णांक तीन! वारा ईशान्य, चार! दाब एक हजार अकरा, चढता! ढग नाहीत! दृश्यमानता उत्तम!"

तो अस्वलाला निरीक्षणं वाचून दाखवत होता. ते थांबून ऐकत होतं, डोकं कलतं करून. वाचता वाचता त्यानं कोट उघडला, स्वेटर वर केला, सदरा वर केला आणि बंदुकीचा गोठलेला बोल्ट उघड्या पोटाला लावून मिठी मारली. वाचणं थांबवलं नाही. त्या दिवसाची संपली तेव्हा आदल्या दिवसाची वाचू लागला. अस्वल पंधरा पावलांवर. मग दहा.

कडी निघाली. दोन्ही कुत्री माझ्या पायांमधून सुटली. अस्वल त्यांच्याकडे वळलं, एका कुत्र्याला पंजानं लोळवलं, दुसरं मागून झोंबलं, आणि ते सगळं लटांबर किनाऱ्याकडे गेलं. ते दोनशे पावलांवर पोचलं तेव्हा श्यूरची बंदूक उडाली. आकाशात. नळी उत्तम होती.

बोल्टला श्यूरच्या पोटाची तळहाताएवढी कातडी चिकटली होती. हाल्वदाननं जखमेला पट्टी बांधली, बंदूक पाहिली, बोल्टमधला बर्फ नखानं खरवडला आणि सगळं ओळखलं. ओरडला नाही.

"झोपायला घेत होतास?"

"हो."

"किती दिवस?"

"आठ."

"बरं. तीनची पाळी मी करतो."

"माझी आहे," श्यूर म्हणाला. आणि तीनला तो गेला, पडवीतून बंदूक घेऊन, उलटा चालत, दर पावलाला पोट धरत. मी दारात उभा राहिलो. तो परत येईपर्यंत मी श्वास घेतला असेन, पण मला तो आठवत नाही.

हाल्वदाननं नोंदवहीत लिहिलं, "१२ चं निरीक्षण ४० मिनिटं उशिरा. अस्वल." श्यूर ऑगस्टपर्यंत राहिला आणि त्याची एकही पाळी चुकली नाही. पुढच्या वर्षी खात्यानं दोन नव्या बंदुका पाठवल्या आणि जुनी बंदूक, नव्या नळीसकट, कापून भंगारात घातली. श्यूर ओड्डा या आपल्या गावी परत गेला, तिथल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं पंप दुरुस्त केले आणि शहाण्णव साली न्यूमोनियानं वारला.